परग्रहावर सोडून दिलेली गुरे

घटकाभर अशी कल्पना करा, की दूरच्या एका ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ‘हरिता’ नावाच्या ग्रहावर माणसांनी वसाहत केली. त्यांनी बरोबर गवताचे बी नेले, गाई, शेळ्या, मेंढ्या, घोडे नेले, कुत्री-मांजरे, कोंबड्या आणि कबुतरेही नेली. चाळीस वर्षांनी काही कारणाने वसाहत उठली. इतकी जनावरे परत आणणे शक्य नव्हते, म्हणून निघताना माणसांनी दावी सोडली, गोठ्यांची आणि खुराड्यांची दारे उघडली आणि यान उडाले. आणखी शंभर वर्षांनी तुम्ही तिथे उतरलात, तर काय दिसेल?

विज्ञानकथा लिहिणारा लेखक इथे अक्राळविक्राळ गाई आणि दोन डोक्यांची कुत्री आणील. आपण तसे करणार नाही. आपण हरिताला काही आकडे देऊ आणि त्या आकड्यांना काय मंजूर आहे ते पाहू. हरिताची सरासरी घनता पृथ्वीएवढीच, पण त्रिज्या दीडपट, म्हणजे सुमारे ९,५५० कि.मी. आहे असे धरा. घनता सारखी असेल तर पृष्ठभागावरील गुरुत्व त्वरण त्रिज्येच्या प्रमाणात वाढते (हे तुम्ही स्वतः सिद्ध करून पाहा, दोन ओळींचे काम आहे). म्हणजे तिथे प्रत्येक वस्तूचे वजन दीडपट. हवा पृथ्वीच्या हवेच्या दुप्पट घन, मात्र तिच्यातील प्राणवायूचा दाब आपल्याकडच्याइतकाच. आणि हरिताला स्वतःची जीवसृष्टीही आहे. तिथे निळसर झुडपे आहेत, आणि ती झुडपे संथपणे चरणारा, सहा आखूड पायांचा एक प्राणी आहे. वसाहतीतल्या मुलांनी त्याला ‘गुबऱ्या’ म्हणायला सुरुवात केली, तेच नाव आपणही ठेवू.

आता एक व्याख्या. पाळीव प्राणी माणसाचा आधार सुटून रानात राहू लागला आणि तिथेच त्याच्या पिढ्या वाढू लागल्या, तर त्याला या लेखापुरते आपण ‘पुनर्वन्य’ म्हणू. आपल्या गावातला भटका कुत्रा या अर्थाने पुनर्वन्य नव्हे. तो मालकाविना असला, तरी त्याचे पोट माणसाच्या उकिरड्यावरच चालते. (तोच कुत्रा गावाबाहेरच्या माळरानात शिरून चिंकारा आणि जमिनीवर घरटे करणारे पक्षी मारू लागला, की प्रश्न वेगळा होतो. माळढोकासारख्या संपत आलेल्या पक्ष्याला ही कुत्री हा एक मोठाच धोका आहे.)

माणसे निघून गेली आणि जनावरे मागे राहिली, हा प्रयोग पृथ्वीवर खरोखर झालेला आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात सेंट किल्डा नावाचा बेटांचा समूह आहे. २९ ऑगस्ट १९३० रोजी तिथले उरलेले ३६ रहिवासी कायमचे बेट सोडून गेले. १९३२ मध्ये शेजारच्या सोए नावाच्या छोट्या बेटावरच्या १०७ मेंढ्या आणून मुख्य बेटावर सोडण्यात आल्या. त्यांना कोणी चारा घालत नाही, औषध देत नाही, लोकर कातरत नाही. तरी त्यांचे वंशज आज तिथे आहेत, आणि शास्त्रज्ञ त्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करीत आहेत. पण त्याच बेटावर घरांतून राहणारा एक उंदीर होता. आपल्याला वाटेल, उंदीर कुठेही जगेल. प्रत्यक्षात माणसे गेल्यावर चुली विझल्या, धान्य संपले आणि दोनचार वर्षांत तो उंदीर नाहीसा झाला! मेंढी पाळीव आणि उंदीर ‘जंगली’, तरी माणसावर जास्त अवलंबून होता तो उंदीरच.

मात्र सगळ्याच मेंढ्या सोए मेंढ्यांसारख्या नसतात. सोए ही जुनी जात असून तिची लोकर उन्हाळ्यात आपोआप गळून पडते. मेरिनो मेंढीची लोकर मात्र माणसाने निवड करून करून अशी बनवली आहे की ती वाढतच राहते. २०१५ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ कळपातून चुकलेला एक मेंढा सापडला. त्याच्या अंगावरून ४० कि.ग्रॅ.हून अधिक लोकर निघाली. हरितावर तेवढी लोकर साठ किलोंइतकी जड लागेल. तेव्हा हरितावर शंभर वर्षांनी मेरिनो शोधत बसू नका.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ही जनावरे तिथे खाणार काय? निळी झुडपे? इथे रसायनशास्त्र आडवे येते. तुमचा डावा आणि उजवा हात पाहा. दोन्ही अगदी सारखे, तरी उजव्या हाताचा हातमोजा डाव्या हातात जात नाही. कित्येक रेणूही असेच डावे-उजवे असतात. १८४८ मध्ये तरुण लुई पाश्चर याने सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षाराचे डावे व उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले, तेव्हापासून ही गोष्ट ज्ञात आहे. पृथ्वीवरील जीवांची प्रथिने डाव्या ॲमिनो आम्लांची बनलेली आहेत आणि त्यांच्या शर्करा उजव्या आहेत. गवतापासून माणसापर्यंत सर्वत्र हाच नियम आहे. हे असेच असले पाहिजे, असे मात्र रसायनशास्त्र सांगत नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत डावी आणि उजवी अशी दोन्ही प्रकारची ॲमिनो आम्ले सापडली.

समजा, हरितावरची जीवसृष्टी उलट्या हाताची आहे. मग आपली गाय त्या निळ्या झुडपांत गळ्याइतकी बुडाली तरी उपाशी मरेल. तिच्या पोटातले जंतू आणि तिची पाचकद्रव्ये यांना ते रेणू उकलताच येणार नाहीत. कुलूप आहे, किल्ली आहे, पण किल्लीचे दाते उलट्या बाजूला आहेत. म्हणजे हरितावरची गुरे जिथे पृथ्वीचे गवत आहे तिथेच जगतील, एक पाऊलही त्यापलीकडे नाही.

आणि ते गवत? त्याची अडचण काहीच नाही. वनस्पतीला कर्बद्विवायू, पाणी, क्षार आणि प्रकाश पुरतो. यांतल्या कशालाही डावे-उजवे नसते. उलट, हरितावरचा कोणताही किडा, बुरशी किंवा गुबऱ्या ते गवत पचवू शकत नाही. शत्रू नसलेले गवत! चाळीस वर्षांपूर्वी वसाहतीच्या कुंपणात पेरलेले ते गवत शंभर वर्षांत कुठवर जाईल, याचा विचार करा. हरितावरची खरी घुसखोरी गाईची नाही, गवताची आहे. गाय फक्त त्याच्या मागोमाग चालत जाते.

जनावर कधी एकटे जात नसते. त्याच्या मागेपुढे एक साखळी असते आणि तिची एखादी कडी तुटली तर काय होते, याचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियाने दिले आहे. तिथे १७८८ पासून गुरे आली. पण तिथले शेणकिडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांवर जगणारे होते. गाईचे ओले शेण त्यांच्या कामाचे नव्हते. त्यामुळे शेणाचे पोवटे महिनोन्‌महिने तसेच पडून राहत. त्यांच्याखालचे गवत मरे आणि त्यांवर माश्यांची पैदास होई. शेवटी जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९६५ पासून वीस वर्षे एक मोठी योजना चालली. आफ्रिका, युरोप इत्यादी ठिकाणांहून शेणकिडे आणून सोडण्यात आले, तेव्हा परिस्थिती सुधारू लागली. हरितावर तर ही अडचण शतपट मोठी. तिथल्या उलट्या हाताच्या जंतूंना आपले शेणही कुजवता येणार नाही आणि मेलेली गायही. जमिनीत पृथ्वीचे जंतू, बुरशी आणि गांडुळे गेलेली असतील, तरच क्षार पुन्हा गवताला मिळतील. नसतील, तर शेणाचे डोंगर होऊन गवत आपोआप खुरटेल.

गवत टिकले असे धरू आणि गुरुत्वाकर्षणाकडे येऊ. माझा विषय हाच असल्यामुळे इथे थोडे रेंगाळलो तर क्षमा करा.

गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की प्राणी सर्व बाजूंनी दुप्पट मोठा केला तर त्याचे वजन आठपट होते, पण हाडांच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच होते. म्हणजे हाडाच्या दर चौरस सेंटिमीटरवरचा ताण दुप्पट होतो. थोडक्यात, ताण लांबीच्या आणि गुरुत्व त्वरणाच्या गुणाकाराच्या प्रमाणात बदलतो. त्वरण दीडपट झाले आणि ताण पूर्वीइतकाच ठेवायचा असेल, तर लांबी दोन तृतीयांश व्हायला हवी. १.३ मीटर उंच, ४५० कि.ग्रॅ. वस्तुमानाची गाय घ्या. दोन तृतीयांश उंची म्हणजे सुमारे ८७ सें.मी. आणि वस्तुमान ४५० गुणिले आठ सत्तावीसांश, म्हणजे १३३ कि.ग्रॅ. ही गाय काल्पनिक वाटते का? केरळातील वेचूर गाय नेमकी साधारण एवढीच असते! तेव्हा हरितावर गाई नेणाऱ्याने खिलार किंवा परदेशी संकरित गाय न नेता वेचूर नेलेली बरी.

पण हे गणित म्हणजे अंतिम निकाल नव्हे. वर्गात ‘मग हत्ती कसा उभा राहतो?’ असे कोणीतरी हमखास विचारतो आणि तो प्रश्न रास्त आहे. मोठे प्राणी पाय सरळ, खांबासारखे ठेवून चालतात, उड्या मारत नाहीत, आणि त्यामुळे हाडांना वाकवणारा ताण कमी होतो. शिवाय हाडांत काही राखीव बळ असते. जोरात धावताना हाडावर येणारा कमाल ताण हा हाड मोडण्याच्या ताणाच्या साधारण निम्मा ते पाव असतो. म्हणजे हरितावर घोडा उभा राहील, चालेल, पण भरधाव सुटला आणि पाय खड्ड्यात गेला तर त्याचे राखीव बळ संपलेले असेल. पाय मोडलेला घोडा रानात जगत नाही. शंभर वर्षांत ज्यांची पैदास टिकेल ती आखूड व जाड पायांची, घाई न करणारी घोडी असतील. सहा आखूड पाय असलेला गुबऱ्या तिथे का शोभतो, हेही आता ध्यानात आले असेल.

दुसरी अडचण रक्ताची. हृदयापासून एक मीटर वर असलेल्या मेंदूपर्यंत रक्त चढवायला लागणारा दाब म्हणजे घनता गुणिले त्वरण गुणिले उंची. रक्ताची घनता १,०६० धरली तर पृथ्वीवर तो सुमारे १०,४०० पास्कल, म्हणजे पाऱ्याचे ७८ मि.मी. येतो. हरितावर ११७ मि.मी. मान वर करून पाहणाऱ्या घोड्याच्या हृदयाला हा जादा चाळीस मि.मी.चा भार जन्मभर उचलावा लागेल. शेळीचे डोके हृदयापासून फार तर अर्धा मीटर वर. तिला जादा भार वीसच मि.मी. शेळी इथेही सुटली!

जास्त गुरुत्वात प्राणी वाढवून पाहण्याचा प्रयोगही प्रत्यक्ष झाला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोंबड्यांना महिनोन्‌महिने मोठ्या फिरत्या यंत्रात ठेवण्यात आले. फिरण्यामुळे त्यांना आपले वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या दुपटीहूनही अधिक जाणवे. त्या कोंबड्यांची चरबी घटली, शरीर लहान राहिले, पायांचे स्नायू बळकट झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड केल्यावर असा भार चांगला सोसणारा वाणही तयार झाला. तेव्हा हरितावरची कोंबडी कशी दिसेल, यासाठी कल्पनाशक्तीला फार ताण द्यायला नको.

सर्वांत कमी त्रास मात्र कबुतराला होईल. उडण्यासाठी लागणारा वेग त्वरण भागिले हवेची घनता याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दीड भागिले दोन, त्याचे वर्गमूळ ०.८७. म्हणजे वजन दीडपट होऊनही दाट हवेमुळे कबुतर कमी वेगाने उडू शकेल. शक्ती लागेल दीड गुणिले ०.८७, म्हणजे सुमारे १.३ पट. चालणाऱ्याला दीडपट भार, उडणाऱ्याला तीस टक्केच जादा! आपल्या शहरांतल्या छपरांवरची कित्येक कबुतरे पाळीव कबुतरांचेच पुनर्वन्य वंशज आहेत, हे लक्षात घेतले तर हरितावरच्या ओसाड इमारतींत पहिले घुमणे कोणाचे ऐकू येईल, याबद्दल मला शंका नाही.

‘पुनर्वन्य’ झालेला प्राणी पुन्हा आपल्या मूळ रानटी पूर्वजासारखा होतो का? इथे सशाची हकीकत मोठी बोधक आहे. १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेलेल्या पहिल्या जहाजांवर पाच ससे होते. पुढे अनेकांनी पाळीव ससे नेले, पण सत्तर वर्षे ते फारसे पसरले नाहीत. १८५९ मध्ये टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून दोन डझनांच्या आसपास ससे मागवले. या सशांत रानटी रक्त होते. त्यानंतर ससे एखाद्या पुरासारखे पसरले. ऑस्ट्रेलियाभर पसरलेल्या सशांचे मूळ प्रामुख्याने या एकाच खेपेत आहे, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. माणसाळलेल्या सशाला मोकळे सोडणे आणि रानटी सशाला मोकळे सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूचेही तसेच. पाळीव डुकराचा मेंदू रानडुकराच्या मेंदूपेक्षा सुमारे एक तृतीयांश लहान असतो आणि डुक्कर रानात गेल्यावरही तो सहसा पूर्ववत मोठा होत नाही. उलट, फरसाठी पाळलेल्या आणि युरोपात पिंजऱ्यांतून निसटलेल्या अमेरिकन मिंक या प्राण्याने सुमारे पन्नास पिढ्यांत मेंदूचा आकार जवळजवळ परत मिळवला, असे २०२३ मध्ये आढळले. म्हणजे एकच नियम सर्वांना लागू नाही.

आता संख्या. गालापागोस द्वीपसमूहातील पिंटा बेटावर १९५९ मध्ये कोळ्यांनी तीन शेळ्या सोडल्या. दर वर्षी संख्या दुप्पट झाली असे धरले तर बारा वर्षांत तीनाच्या १२,२८८ होतात. हे कागदावरचे गणित वाटेल, पण १९७० नंतरच्या दशकात तिथल्या शेळ्यांचा अंदाज दहा हजारांच्या पुष्कळच पुढे गेला होता! बेटावरची झाडी त्यांनी फस्त केली. तिथल्या राक्षसी कासवाच्या जातीतला १९७१ मध्ये सापडलेला एकमेव नर ‘एकाकी जॉर्ज’ जून २०१२ मध्ये मरण पावला. पिंटावरची शेवटची शेळी त्याआधी, २००३ पर्यंत हटवली गेली होती, पण कासवाला त्याचा उपयोग झाला नाही.

गुबऱ्याचे काय होईल, हे आता तुम्ही सांगू शकाल. रसायने उलटी असल्यामुळे कुत्र्याला गुबऱ्याचे मांस पचणार नाही. पण कुत्रा मारण्याआधी रसायनशास्त्राचा विचार करत नाही. तो मारील, खाईल, उपाशी राहील आणि पुन्हा मारील. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झाले, माणसांबरोबर मांजरे आली आणि न उडणारा एक चिमुकला पक्षी एकदोन वर्षांत जगातून नाहीसा झाला. मांजर हे प्रकरण काय असते, ते त्या पक्ष्याला ठाऊकच नव्हते. गुबऱ्याची स्थिती तशीच आहे. शिवाय त्याची निळी झुडपे गवताखाली दबत चालली आहेत.

मग हरितावर उतरताच बंदुका काढून गाई-शेळ्या संपवाव्यात का? थांबा! त्या ग्रहावर आपले गवत खाऊ शकणारे दुसरे कोणीच नाही. गुरे काढलीत की गवताला रान मोकळे. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या मॅक्वारी बेटावर याच प्रकारचा अनुभव आला. तिथली शेवटची मांजर २००० मध्ये हटवली गेली, पक्ष्यांना दिलासा मिळाला, पण त्यानंतर सशांची संख्या भरमसाट वाढली आणि डोंगरउतार उघडे पडले. सशांवरच्या रोगाचा जोर ओसरणे हेही त्याचे एक कारण होते. मग ससे, उंदीर, घुशी असे सर्वच काढण्याची मोठी मोहीम हाती घ्यावी लागली. ती यशस्वी झाल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. कोणती कडी आधी काढायची, हे ठरवणे गोळी झाडण्यापेक्षा अवघड असते. हरितावर माझ्या मते गवत आधी, गुरे नंतर, आणि कुत्री-मांजरे मात्र पहिल्याच दिवशी. तुमचे मत वेगळे असेल तर आपल्या शिक्षकांशी वाद घाला.

आज माणूस दुसऱ्या ग्रहावर गाय नेत नाही, पण जंतू नेऊ शकतो. १९६७ च्या अंतराळ करारात परग्रहांचे अपायकारक दूषण टाळण्याचे कलम आहे. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली व्हायकिंग याने उड्डाणापूर्वी ११० अंश सेल्सियसच्या वर कित्येक तास तापवून निर्जंतुक केली होती. २००३ मध्ये इंधन संपत आलेले गॅलिलिओ यान मुद्दाम गुरूच्या वातावरणात जाळले गेले, कारण ते गुरूच्या युरोपा या उपग्रहावर आदळू नये. युरोपाच्या बर्फाखाली पाणी आहे आणि तिथे एखादा गुबऱ्या असेलच असे नाही, पण नसेलच असेही कोणी म्हणू शकत नाही.

आता तुमच्यासाठी एक गणित. मंगळावरचे गुरुत्व त्वरण पृथ्वीच्या ०.३८ पट आहे. हाडांवरचा ताण पृथ्वीवरच्याइतकाच ठेवायचा, तर वरच्या ४५० कि.ग्रॅ.च्या गाईची मंगळावर किती उंची आणि किती वस्तुमान होऊ शकेल? उत्तर हत्तीपेक्षा मोठे आले तर गणित चुकले असे समजू नका. मात्र ती गाय रोज किती चारा खाईल आणि तो उगवेल कुठे, हेही त्याच कागदावर काढून पाहा.